10 बाय 12 ची खोली, अ‍ॅम्प किती वॅटचा?

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मोठे भोंगे लागतात. वैनगंगेच्या उघड्या काठावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. घरात भिंती तो परतवतात, म्हणून इतका उतरत नाही.

10 बाय 12 च्या खोलीला 5 इंची वूफरची जोडी पुरे. घेताना सेन्सिटिव्हिटी बघा. 87 डेसिबल म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर तेवढा आवाज. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त 3 डेसिबल! 50 चे 100 वॅट केलेले कानाला जेमतेम कळतात. चॅनेलमागे आरएमएस 30 वॅट भरपूर झाले. खोक्यावरचा पीएमपीओचा आकडा निव्वळ थाप. स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतोय? नवा अ‍ॅम्प राहू द्या, आधी जाड सतरंजी अंथरा.