सात बहिणींतली मिराबाई

परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात नवस फेडायला हिंदू कुटुंबेही येतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे क्युबातल्या 'सांतेरिया'विषयी वाचताना ते परके वाटले नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांनी तेथे आपला विजेचा देव शांगो संत बार्बारेत पाहिला आणि जलदेवता येमाया रेग्लाच्या मेरीमातेत.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण गोव्याचे. लोककथेनुसार शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई अशा सात बहिणी. त्यांतली मिराबाई ख्रिस्ती झाली, तीच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण. ईस्टरनंतर येणाऱ्या तिच्या फेस्ताला हिंदूही तेल वाहतात. दोघी बहिणी एकमेकींना तेल-फुले पाठवतात, अशी परंपरा सांगतात.

अशा गोष्टींना आपण चटकन 'समन्वय' म्हणतो. त्या शब्दात सक्ती झाकली जाते. क्युबात गुलामगिरी होती. गोव्यात बारदेशातली देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. धर्म बदलला, देऊळ गेले. पण लोकांनी बहिणीला माहेर तुटू दिले नाही. मला मोल वाटते ते या हट्टाचे.