अंगणातली सिग्नल केबिन

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा एकही रूळ नाही. माळशेजमार्गे कल्याण–नगर रेल्वे व्हावी ही मागणी पिढ्यान् पिढ्या चालू आहे. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची चर्चा निघाली तेव्हा पुन्हा आशा पालवली, पण खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून त्या मार्गाचाही फेरविचार सुरू झाला. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या आणे गावच्या पोरांना आगगाडी बघायची तर अजूनही नगर किंवा पुणे गाठावं लागतं. त्यामुळे आमच्या अंगणात छोट्या रेल्वेचे ४५ मिलिमीटर रुंदीचे रूळ पडले, तेव्हा ते बघायला शेजारपाजारची पोरंच काय, म्हातारी माणसंही आली.

हा ४५ मिलिमीटरचा आकडा उगाच निवडलेला नाही. १९६८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाने बागेत चालणारी गाडी बाजारात आणली, तिचा रूळ एवढाच रुंद आहे. मीटरगेजचे १००० मिलिमीटर साडेबावीसने भागले की जवळजवळ हाच आकडा येतो. पुणे–मिरज मार्ग एकेकाळी मीटरगेज होता, त्या गाड्या पाहिलेली माणसं अजून आहेत. म्हणून आमची गाडी मीटरगेजची आणि प्रमाण एकास साडेबावीस. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बऱ्याच वाचकांनी पाहिलं असेल. तिथलं काम फार सुरेख आहे, पण ते छपराखालचं आहे. आमची गाडी उघड्यावर धावते. त्यामुळे रुळाशेजारी लाकडी सिग्नल केबिन बांधायची ठरली, तेव्हा पहिला प्रश्न दिसण्याचा नव्हता, टिकण्याचा होता.

गावातले एक म्हातारे सुतारमामा या कामात सोबत होते. नांगर, चौकटी, देव्हारे यांत त्यांचा जन्म गेला. खरी फळी एक इंच जाड असते, म्हणजे आपल्या केबिनला एक मिलिमीटरहून थोडी जाड पट्टी हवी, असा हिशोब मी मांडला. त्यांनी कागद बाजूला सारला. ‘‘सर, लाकूड बारीक केलं म्हणून पाऊस काय बारीक पडत नाय.’’ उघड्यावरच्या कामाचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. थेंब तेवढाच मोठा, ऊन तेवढंच कडक आणि वळवाची गारही पूर्ण मापाची. एक मिलिमीटरची पट्टी दुपारच्या उन्हात वाकते, संध्याकाळच्या सरीत फुगते आणि दोनचार महिन्यांत सांध्यातून सुटते. आण्याचं पठार पर्जन्यछायेतलं. इथे पाऊस बेताचाच असतो, पण वारा आणि ऊन मोकाट. लाकूड नुसत्या पाण्याने खराब होत नाही. रोज भिजणं आणि रोज तडकून वाळणं त्याला जास्त मारतं. म्हणून पट्ट्या चार मिलिमीटर जाड ठेवल्या.

लाकूड मिळालं ते एका पडक्या घराच्या तुळईतून. जुनं सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता ते आणखी फारसं आकसत नाही. करवतीखाली देण्याआधी मामांनी तुळईवरून लोहचुंबक फिरवलं. आत मोडून राहिलेला एखादा खिळा सुद्धा करवतीचे दात काढतो. चिरल्यावर कडेला पांढरट आणि आत तपकिरी असे दोन भाग उघडे पडले. पांढरट भाग मामांनी चुलीसाठी वेगळा काढला, कारण वाळवी आधी त्यालाच लागते. आतलं तपकिरी लाकूड ती सहसा सोडून देते. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे त्यावर डिंक नीट धरत नाही. प्रत्येक सांधा आधी थिनरच्या फडक्याने पुसायचा आणि मगच पाण्याला टिकणारं मरीन फेविकॉल लावायचं. खिळे आणि स्क्रू पितळी घेतले. सागात लोखंडी खिळा मारला आणि तो भिजला, की त्याच्याभोवती काळा डाग धरतो आणि मग तो सहजासहजी निघत नाही.

मापं मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. जुन्या केबिनचा नकाशा हाती नव्हता, फोटो होते. दार सहा फूट आठ इंच धरलं, म्हणजे मॉडेलमध्ये नव्वद मिलिमीटर, आणि फोटोतल्या दारावरून बाकी सगळं मोजत गेलो. वीस फूट लांबीचे २७ सेंटिमीटर झाले, बारा फूट रुंदीचे सोळा. वरचा मजला जमिनीपासून आठ फूट, म्हणजे अकरा सेंटिमीटरच्या आसपास. केबिन उंच असते ती केबिनमनला दोन्ही बाजूंची गाडी दिसावी म्हणून, आणि सिग्नल व रुळांचे सांधे हलवणाऱ्या लिव्हरखालची सगळी यंत्रणा तळमजल्यात मावावी म्हणूनही. एका सांध्याचा लिव्हर ओढलेला असताना त्याच्याशी विसंगत सिग्नल पडूच नये, अशी लोखंडी पट्ट्यांची गुंतागुंत तिथे बसवलेली असते. सिग्नलच्या तारा आणि सांध्याचे दांडे तळमजल्याच्या रुळाकडच्या बाजूने बाहेर पडतात, त्यासाठी भिंतीत जमिनीलगत लांबट फट असते. ती फट आम्ही जशीच्या तशी ठेवली. तिच्यातून वारा आत खेळतो आणि केबिन आतून वाळते, हा फायदा आधी मामांच्याच लक्षात आला.

तळाला लाकूड जमिनीला कुठेच टेकवलं नाही. काळ्या पाषाणाचा चार सेंटिमीटर उंच चौथरा घडवून त्यावर केबिन बसवली. उभ्या खांबाचं कापलेलं टोक पाणी सगळ्यात जास्त पितं. म्हणून प्रत्येक टोक जवसाच्या उकळलेल्या तेलात बुडवून ठेवलं, ते तेल प्यायचं थांबेपर्यंत. भिंतीच्या आडव्या पट्ट्या एकमेकींवर चढवून बसवल्या, वरचीचा काठ खालचीच्या बाहेर. प्रत्येक पट्टी फक्त वरच्या बाजूला पक्की केली, खालचा काठ मोकळा. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते स्वतःच चिरतं. पहिल्या पावसानंतर पट्ट्यांवरून बोट फिरवलं, तेव्हा काठ किंचित फुगलेले लागले. ऊन पडल्यावर ते पुन्हा जागेवर आले आणि एकाही पट्टीला चीर गेली नव्हती.

खिडक्यांना प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या वापरल्या. त्या २५ मिलिमीटर रुंद आणि ७५ लांब येतात. काच कापणाऱ्याकडून त्यांची लांबी ५० करून घेतली. दर्शनी बाजूला अशा नऊ काचा ओळीने बसल्या. प्लॅस्टिक स्वस्त पडलं असतं, पण आमच्या उन्हात ते पिवळं पडून वाकडं होतं. छपराला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. सायकलच्या तारा ठरावीक अंतरावर फळीवर चिकटवून त्यांवर पत्रा दाबला की पन्हाळी उठतात. छप्पर भिंतीबाहेर वीस मिलिमीटर यायला हवं होतं, आम्ही तीस ठेवलं. जाणकाराला ते खटकेल. मला ते योग्य वाटतं, कारण त्या जास्तीच्या दहा मिलिमीटरमुळे सरळ पावसाचं पाणी खिडक्यांवर येत नाही.

केबिन रुळाजवळ किती आणायची, हे कागदावर ठरवलं नाही. सगळ्यात लांब डब्याच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना पेन्सिली बांधल्या, वळणाशेजारी पुठ्ठा अंथरला आणि डबा हाताने ढकलत नेला. वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकतो आणि टोकं बाहेर येतात. पुठ्ठ्यावर उमटलेल्या रेषांपलीकडे दोन बोटं जागा सोडून चौथरा बसवला. हे सगळं काम दिवसाउजेडी उरकावं लागलं. बिबट्याच्या तालुक्यात अंधार पडल्यावर अंगणात वाकून बसत नाहीत.

आत बारा लिव्हर आहेत: सिग्नलचे लाल, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे आणि वापरात नसलेला एक पांढरा. काचेला डोळा लावला तरच ते दिसतात, आणि पोरं तेच करतात. गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद घेऊन पाहुणे घरी आले, तेव्हा त्यांतले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी अंगणातच उकिडवे बसले. कुठल्या लिव्हरनंतर कुठला ओढायचा, हे ते पोरांना बराच वेळ समजावत होते.

अशा खऱ्या केबिन आता झपाट्याने जात आहेत. संगणकावर चालणारी यंत्रणा आली, त्यामुळे लिव्हर ओढण्याची गरज उरली नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण पाडण्याआधी त्यांची मापं कुणी घेऊन ठेवतं का? तुमच्या गावच्या स्टेशनवर जुनी लाकडी केबिन उभी असेल, तर स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन टेप लावा आणि चारही बाजूंचे फोटो काढा. दार, खिडकी, छपराचा उतार आणि वरच्या मजल्याची उंची, एवढी मापं मिळाली तर बाकीचं कुठलाही चांगला सुतार काढून देईल.