विश्लेषण : सहा संघांनी नाकारले, तरी एकतिसाव्या वर्षी अव्वल! रहीम मोस्टर्टची कारकीर्द अमेरिकी फुटबॉलबद्दल काय सांगते?

अमेरिकी फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक'ने पंचविशी ओलांडली, की त्याच्या उताराची चर्चा सुरू होते आणि तिशी गाठली, की संघ त्याच्याकडे पाठ फिरवतात. रहीम मोस्टर्टने मात्र १८ टचडाउन करून एनएफएलमध्ये पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्याआधी सहा संघांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. त्याची ही वाटचाल जिद्दीची तर आहेच, पण खेळाडूंची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेवरही ती बोट ठेवते.

रनिंग बॅक म्हणजे नेमके काय?

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला चेंडू हवेतून फेकायचा की हाती घेऊन पळायचे, हे ठरवावे लागते. पळायचे ठरले, तर क्वार्टरबॅक चेंडू ज्याच्या हाती सोपवतो तो रनिंग बॅक. शंभर किलोंहून अधिक वजनाचे प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर धावून येतात. आपले सहकारी त्यांना अडवून धरतात, तेवढ्या क्षणभरात तयार झालेल्या फटीतून त्याला निसटायचे असते. संघाचा मुख्य रनिंग बॅक एका हंगामात अडीचशे-तीनशे वेळा चेंडू घेऊन धावतो आणि जवळपास प्रत्येक धाव कोणी तरी त्याला जमिनीवर आपटण्यानेच संपते. त्यामुळे शरीराची सर्वाधिक झीज होणाऱ्या जागांमध्ये या जागेची गणना होते.

मोस्टर्टला सुरुवातीला संधी का मिळाली नाही?

फ्लोरिडातील न्यू स्मिर्ना बीच या किनारी गावात वाढलेला मोस्टर्ट पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळला. तिथे फुटबॉलइतकाच तो धावण्याच्या शर्यतींतही चमकला. मात्र फुटबॉलमध्ये त्याची ओळख प्रामुख्याने प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू झेलून परत धावणारा खेळाडू अशीच राहिली. २०१५च्या 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत, सात फेऱ्यांत ३२ पैकी एकाही संघाने त्याचे नाव पुकारले नाही.

ड्राफ्टमध्ये न निवडलेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकतो, पण त्याच्यावर संघाची गुंतवणूक नगण्य असते. साहजिकच कपात करायची वेळ आली, की सर्वांत आधी त्याचा विचार होतो. मोस्टर्टला करारबद्ध करणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्याच वर्षी आदल्या हंगामातील सर्वाधिक यार्ड धावलेल्या डीमार्को मरेला मोठी रक्कम मोजून आणले होते. सरावसामन्यांत छाप पाडूनही मोस्टर्टला अंतिम ५३ जणांत जागा मिळाली नाही.

सहा संघांचा प्रवास कसा झाला?

सप्टेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१६ या पंधरा महिन्यांत तो फिलाडेल्फिया ईगल्स, मायामी डॉल्फिन्स, बाल्टिमोर रेव्हन्स, क्लीव्हलँड ब्राऊन्स, न्यू यॉर्क जेट्स आणि शिकागो बेअर्स अशा सहा संघांच्या दारातून आत गेला आणि बाहेर पडला. एनएफएलमध्ये असे होणे नवलाचे नाही. नवख्या खेळाडूला संघाने काढले, की त्याचे नाव इतर संघांपुढे ठेवले जाते. कोणी दावा केला, तर त्याला लगेच बाडबिस्तरा आवरून नव्या शहरात जावे लागते. कोणीच पुढे आले नाही, तर राखीव सराव चमूत जागा मिळण्याची वाट पाहायची. या चमूतले खेळाडू आठवडाभर मुख्य संघाबरोबर घाम गाळतात, पण सहसा सामन्यात उतरत नाहीत आणि त्यांचे मानधनही बरेच कमी असते.

कोणत्या संघाने आपल्याला कोणत्या तारखेला काढले, याची यादी मोस्टर्टने जपून ठेवली होती. प्रत्येक सामन्यापूर्वी आपण ती पाहतो, असे त्याने पुढे नावारूपाला आल्यावर सांगितले.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काय बदलले?

नोव्हेंबर २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने, म्हणजे सातव्या संघाने, त्याला सराव चमूत घेतले. पुढच्या वर्षी काइल शॅनहन प्रशिक्षक म्हणून आले. तरीही मोस्टर्टला लगेच रनिंग बॅकची जागा मिळाली नाही. आपल्या संघाने चेंडू दूर लाथाडल्यावर सर्वांत आधी पुढे धावून तो झेलणाऱ्याला पाडायचे, हे कष्टाचे आणि फारसे कोणाच्या नजरेत न भरणारे काम त्याच्याकडे आले. ते त्याने चोख केले आणि संघातले स्थान टिकवले. २०१८ मध्ये हात मोडल्याने त्याचा हंगाम अर्ध्यावर थांबला. पहिल्या चार हंगामांत मिळून तो पन्नास वेळाही चेंडू घेऊन धावला नव्हता.

शॅनहन यांची पद्धत त्याच्या पथ्यावर पडली. या पद्धतीत चेंडू पुढे नेण्यासाठी वाट करून देणारे खेळाडू सरळ धडक देण्याऐवजी एकत्र आडवे सरकतात, त्यामुळे बचावफळी ताणली जाते. रनिंग बॅकने फट दिसेपर्यंत धीर धरायचा, एकदाच दिशा बदलायची आणि मग मागे वळून न पाहता सुसाट सुटायचे. वेग हेच ज्याचे भांडवल, त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची होती. २०२० मध्ये न्यू यॉर्क जेट्सविरुद्धच्या ८० यार्डांच्या धावेत त्याचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर नोंदला गेला. अंगावर जाड संरक्षक पोशाख आणि हातात चेंडू असताना गाठलेला हा वेग होता!

'त्या' सामन्यात काय घडले?

१९ जानेवारी २०२०. सुपर बोलच्या अंतिम लढतीचे तिकीट ठरवणारा ग्रीन बे पॅकर्सविरुद्धचा सामना. पहिल्याच सत्रात फोर्टीनायनर्सची तिसरी संधी होती आणि आठ यार्ड बाकी होते. अशा वेळी जवळपास प्रत्येक संघ चेंडू फेकतो. शॅनहन यांनी मात्र चेंडू मोस्टर्टच्या हाती दिला आणि तो ३६ यार्ड धावत थेट टचडाउन करून आला. मध्यंतराला फोर्टीनायनर्स २७-० असे पुढे होते. सामन्यात दुसरा रनिंग बॅक टेव्हिन कोलमनचा खांदा दुखावला आणि सगळा भार मोस्टर्टवर आला.

त्या दिवशी तो २९ वेळा धावला, २२० यार्ड आणि चार टचडाउन अशी कमाई त्याने केली. एनएफएलच्या बाद फेरीत एकाच सामन्यात दोनशेहून अधिक यार्ड आणि धावून चार टचडाउन अशी कामगिरी त्याआधी कोणीही केली नव्हती. क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलोला संपूर्ण सामन्यात अवघ्या आठ वेळा चेंडू फेकावा लागला! सॅन फ्रान्सिस्कोने सामना ३७-२० असा जिंकला. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्येही मोस्टर्टने एक टचडाउन केला. पण अखेरच्या सत्रातील दहा गुणांची आघाडी निसटली आणि कॅन्सस सिटी चीफ्सने ३१-२० असे विजेतेपद पटकावले.

मग पैशांचा वाद का झाला?

मोस्टर्टचा २०१९ मध्ये झालेला करार तीन वर्षांसाठी ८७ लाख डॉलरचा होता. त्याच संघाने २०१८ मध्ये जेरिक मॅकिननला चार वर्षांसाठी तीन कोटी डॉलरचा करार दिला होता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मॅकिनन पहिले दोन हंगाम मैदानात उतरूच शकला नाही. संघाला अंतिम लढतीपर्यंत नेणारा मोस्टर्ट मात्र दुय्यम खेळाडूच्या मोबदल्यात खेळत होता. जुलै २०२० मध्ये त्याच्या प्रतिनिधीने दुसऱ्या संघात पाठवण्याची जाहीर मागणी केली, तेव्हा कुठे त्याचा मोबदला वाढवून वाद मिटवण्यात आला.

पण हा प्रश्न एकट्या मोस्टर्टचा नव्हता. नवोदितांचे वेतन ड्राफ्टमधील क्रमांकानुसार ठरते. ड्राफ्टमध्ये निवडलेल्यांचा करार चार वर्षांचा असतो आणि पहिली तीन वर्षे त्यात वाढ मागता येत नाही. म्हणजे रनिंग बॅकची उमेदीची वर्षे स्वस्तात खर्ची पडतात आणि मोल मागायची वेळ येते, तेव्हा 'आता शरीर झिजले' असे सांगितले जाते. २०२३ मध्ये सॅक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड या तिघांना दीर्घ करार न देता त्यांच्या संघांनी सुमारे एक कोटी डॉलरच्या एका वर्षाच्या बंधनात अडकवले. त्यांतील जेकब्स तर आदल्या हंगामात सर्वाधिक यार्ड धावलेला खेळाडू होता. याच तरतुदीनुसार चेंडू झेलणाऱ्या 'वाइड रिसिव्हर'चा दर जवळपास दुप्पट होता.

एकतिसाव्या वर्षी विक्रम कसा झाला?

२०२१च्या पहिल्याच सामन्यात मोस्टर्ट अवघ्या दोनदा धावला आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा संपूर्ण हंगाम हुकला. कारकीर्द संपली, असेच चित्र होते. मात्र फोर्टीनायनर्समध्ये शॅनहन यांचे सहायक असलेले माइक मॅकडॅनियल २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मोस्टर्टला बोलावून घेतले. ज्या मायामीने २०१५ मध्ये काही आठवड्यांतच त्याला काढले होते, तिथेच तो परतला.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायामीने डेन्व्हर ब्राँकोजचा ७०-२० असा धुव्वा उडवला. एनएफएलमध्ये एका संघाने सत्तरी गाठण्याची १९६६ नंतरची ही पहिलीच वेळ. त्यात मोस्टर्ट आणि नवखा डेव्हॉन एचेन यांनी प्रत्येकी चार टचडाउन केले. हंगामअखेर मोस्टर्टच्या नावावर १,०१२ यार्ड होते. हजार यार्डांचा टप्पा त्याने कारकीर्दीत प्रथमच ओलांडला. धावून केलेल्या १८ टचडाउनमुळे तो एनएफएलमध्ये अव्वल ठरला आणि रिकी विल्यम्सचा १६ टचडाउनचा मायामीचा विक्रमही मोडीत निघाला. 'प्रो बोल'साठीही त्याची पहिल्यांदाच निवड झाली.

यामागे एक साधे गणित आहे. इतर रनिंग बॅकची विशी ज्या शेकडो धडका सोसण्यात गेली, त्या मोस्टर्टच्या वाट्याला आल्याच नव्हत्या. बाकावर आणि सराव चमूत काढलेल्या वर्षांनी त्याचा पैसा व प्रसिद्धी हिरावली, पण पाय शाबूत ठेवले. रनिंग बॅक झिजतो तो वयाने कमी आणि वापराने अधिक, हे त्याच्या उदाहरणातून दिसते.

हे उदाहरण अपवाद की धडा?

दोन्ही. त्याच्यासारखेच काढून टाकलेले बहुतेक खेळाडू कायमचे विस्मरणात जातात. मोस्टर्टला योग्य प्रशिक्षक भेटला, त्याच्या वेगाला साजेशी पद्धत मिळाली आणि मिळेल ते काम करण्याची त्याची तयारी होती. यांतील एक गोष्ट जरी नसती, तरी आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. मात्र ज्या व्यवस्थेत सहा संघांच्या तज्ज्ञांना एका विक्रमवीराची पारख होत नाही, तिथे संधीच न मिळालेले असे किती जण असतील, हा प्रश्न उरतोच.

अलीकडे या जागेचा भाव थोडा वधारला आहे. ईगल्सकडून २०२४ मध्ये २,००५ यार्ड धावून सुपर बोल जिंकलेल्या बार्कलीला मार्च २०२५ मध्ये वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार मिळाला. मोस्टर्टला मात्र या बदलाचा लाभ झाला नाही. २०२४ मध्ये मायामीत एचेनने त्याची जागा घेतली, मोस्टर्टचे टचडाउन १८ वरून दोनवर आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. पुढच्याच महिन्यात लास व्हेगास रेडर्स या आठव्या संघाने त्याच्याशी करार केला. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये त्याच रेडर्सने सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटी हा तरुण रनिंग बॅक निवडला. मोस्टर्टने जपलेली ती यादी अजून चालू असेल, तर तिच्यात मायामीचे नाव आता दोनदा आहे.