घरचा मीडिया सर्व्हर बाहेरून मध्येच का तुटतो

घरातल्या संगणकावर किंवा नॅस या साठवणयंत्रावर प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी बसवले की घराचा स्वतःचा मीडिया सर्व्हर तयार होतो. त्यावरचे चित्रपट, गाणी, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेली मुंज-लग्ने हे सारे घरातल्या टीव्हीवर आणि फोनवर पाहता येते. घरातल्या घरात ही व्यवस्था सहसा बिनतक्रार चालते. तक्रारी सुरू होतात त्या ऑफिसातून, हॉटेलातून किंवा परदेशातून तोच सर्व्हर उघडायला गेल्यावर. आज लागतो, उद्या लागत नाही. अर्धा तास छान चालतो आणि मग पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते.

अजिबात न लागणारा सर्व्हर दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. अधूनमधून लागणारा जास्त छळतो, कारण त्यात कोणताही उपाय चार दिवस लागू पडल्यासारखा वाटतो. राउटर बंद करून चालू केला की सर्व्हर लागतो आणि दोष राउटरचा होता असे ठरते. प्रत्यक्षात राउटर नव्याने सुरू होताना जुन्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात, नवा पत्ता मिळालेला असतो, आणि मूळ दोष जागच्या जागी असतो. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी बिघाडाच्या वेळा लिहून ठेवाव्यात. रोज रात्री नऊच्या सुमारास अडखळत असेल तर संशय वाहतुकीच्या गर्दीवर. वीज जाऊन आल्यावर तुटत असेल तर बदललेल्या पत्त्यावर. पहिल्या प्रयत्नात न लागता दुसऱ्यात लागत असेल तर सर्व्हर किंवा त्याची हार्ड डिस्क झोपेत जात असावी. एकाच चित्रपटाला त्रास होत असेल तर दोष बहुधा नेटवर्कचा नसून त्या फाइलच्या रूपांतराचा असतो. मोबाइल डेटावर चालते पण हॉटेलच्या वायफायवर नाही, ही नोंद तर फारच मोलाची; तिचा अर्थ पुढे येईल.

तपासणीची सुरुवात घरातूनच करावी. सर्व्हर वायफायवर असेल तर तो आधी केबलने राउटरला जोडावा. शेजारच्या दहा घरांच्या वायफायमधून वाट काढणारा सर्व्हर बाहेर स्थिर राहील ही अपेक्षाच चुकीची. केबल लावल्यावर सर्व्हरचे वायफाय बंद करावे, नाहीतर त्याला दोन पत्ते मिळतात आणि बाहेरून आलेली विनंती कधी एकावर, कधी दुसऱ्यावर जाते. मग एका संगणकावरून तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवाव्यात: एक राउटरला, एक इंटरनेट पुरवठादाराच्या पहिल्या यंत्राला आणि एक बाहेरच्या एखाद्या मोठ्या सर्व्हरला. बिघाडाच्या क्षणी राउटरचीच पिंग अडखळली तर दोष घरात. राउटर ठीक पण पुढची दोन्ही अडकली तर तो पुरवठादाराच्या ओळीवर. तिन्ही स्वच्छ असूनही सर्व्हर लागत नसेल, तर दोष बहुधा पत्त्याचा असतो.

पत्त्यांचा घोळ दोन पातळ्यांवर होतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीपुरता, अनेक राउटरांवर २४ तासांचा. आज सर्व्हर १९२.१६८.१.७ वर असतो, वीज जाऊन आल्यावर १९२.१६८.१.९ वर. बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळवण्याचा नियम, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, मात्र अजून सातवर बोट दाखवत असतो. राउटरच्या डीएचसीपी पानावर सर्व्हरचा मॅक पत्ता नोंदवून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला की हा दोष संपतो. पोर्ट उघडण्याचे काम यूपीएनपी या आपोआप चालणाऱ्या सोयीवर सोडण्यापेक्षा नियम हाताने लिहिणे चांगले. प्लेक्ससाठी ३२४००, जेलीफिनसाठी ठरीव पोर्ट ८०९६. यूपीएनपीच्या नोंदी राउटर सुरू झाला की जातात, आणि सर्व्हरने पुन्हा मागणी करेपर्यंत दार बंदच राहते.

प्लेक्सच्या रिमोट ॲक्सेसच्या पानावर एक विचित्र गोष्ट अनेकांना दिसते. हिरवी खूण येते, सर्व्हर बाहेरून उपलब्ध असल्याचे लिहून येते, आणि काही सेकंदांत तीच खूण लाल होते. यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते. पुरवठादाराचे मोडेम-राउटर आणि स्वतः विकत घेतलेला राउटर, दोन्ही आपापले पत्ते वाटत असतात. किंवा सर्व्हरवर एखादा व्हीपीएन चालू असतो, त्यामुळे सर्व्हर जगाला व्हीपीएनचा पत्ता सांगतो आणि दार उघडे असते घरच्या पत्त्यावर. किंवा यूपीएनपी आणि हाताने लिहिलेला नियम एकमेकांना छेद देतात. दोन राउटर असतील तर पुरवठादाराचे यंत्र ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावे. ग्राहक सेवेकडे नेमका हाच शब्द वापरला की काम लवकर होते.

दुसरी पातळी घराच्या बाहेरच्या पत्त्याची, आणि भारतात सर्वात जास्त लोक अडतात ते इथेच. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि आशिया-पॅसिफिक विभागाची टंचाई त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्यानंतर ज्या कंपन्यांनी घरोघरी जोडण्या दिल्या, त्यांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवली. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर जसे घडते तसेच इथे घडते: आतल्याने मागवलेले पार्सल आत सोडले जाते, पण फ्लॅट नंबर न सांगता आलेल्या पाहुण्याला कुठे पाठवायचे हे पहारेकऱ्याला ठाऊक नसते. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही, कारण मागणी त्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता पाहावा आणि आपला आयपी सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पाहावा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये आणखी कोणी आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर सीजीनॅट जवळजवळ नक्की. हा टप्पा २०१२ साली खास त्याच कामासाठी राखला गेला. मात्र टेलस्केल हा लोकप्रिय प्रोग्रामही याच टप्प्यातले पत्ते वाटतो, म्हणून पाहायचा तो राउटरचा पत्ता, संगणकाचा नव्हे.

सीजीनॅटमागे असूनही प्लेक्स कधीकधी चालते, आणि त्यानेच गोंधळ वाढतो. थेट वाट मिळाली नाही की प्लेक्स आपल्या रिले सर्व्हरमधून चित्र पाठवू लागते, आणि त्या वाटेवर वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबिटवर बांधलेला असतो. पाहणाऱ्याला फक्त चित्र धूसर झालेले दिसते. आज स्वच्छ आणि उद्या धूसर अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा थेट वाट आणि रिले यांची अदलाबदल होत असते. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर चालू प्रक्षेपणाच्या तपशिलात हे पाहता येते.

उपाय तीन आहेत. पुरवठादाराकडून वेगळे पैसे भरून स्थिर आयपी घेणे हा सर्वात सरळ. दुसरा आयपीव्ही६चा, त्यात पत्त्यांची टंचाई नाही आणि भारतातल्या अनेक मोठ्या जोडण्यांवर तो आधीपासून चालू असतो. पण राउटरची फायरवॉल आयपीव्ही६वर बाहेरून येणारे सारे अडवते, तिथे सर्व्हरपुरता नियम लिहावा लागतो. शिवाय पाहणाऱ्याच्या टोकालाही आयपीव्ही६ असायला हवे. मोबाइल डेटावर ते असते, हॉटेलच्या वायफायवर पुष्कळदा नसते. वर नोंदवलेल्या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा हेच निघते.

तिसरा उपाय बोगद्याचा, म्हणजे वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनचा. सीजीनॅटमागे निव्वळ वायरगार्ड लावायचे तर मध्ये सार्वजनिक पत्ता असलेला एखादा भाड्याचा सर्व्हर लागतो. टेलस्केलला तो लागत नाही. तो दोन्ही टोकांना आतून बाहेर बोलायला लावून वाट जुळवतो, आणि जुळली नाही तर तोही रिलेवर जातो. त्याच्या स्टेटस आदेशात जोडणी थेट आहे की रिलेवर हे स्पष्ट दिसते. बोगदा काही वेळ शांत राहिला की मधली राउटरे त्याची नोंद विसरतात. वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवण्याची सोय यासाठीच आहे, आणि सीजीनॅटमागच्या टोकावर ती चालू ठेवलीच पाहिजे.

पत्ता जुळूनही चित्र थांबत असेल तर अपलोडकडे वळावे. घरी बसून पाहताना डाउनलोड लागतो, घरातून बाहेर पाठवताना अपलोड. साध्या ब्लू-रे डिस्कवरचा व्हिडिओ सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जातो, ४के डिस्क १२८ पर्यंत. घरच्या जोडणीचा अपलोड ५० मेगाबिट असेल आणि त्यातच फोनमधल्या फोटोंची रात्रीची क्लाउड प्रत आणि सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर जात असेल, तर अडखळणे ठरलेलेच. त्याहून वाईट म्हणजे अपलोड पूर्ण भरला की राउटरच्या बफरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि एरवी दहा मिलिसेकंदांत येणारे उत्तर काहीशे मिलिसेकंद घेते. एखादी मोठी फाइल अपलोड करत बाहेरच्या सर्व्हरला पिंग लावली की हे डोळ्यांसमोर दिसते. ज्या राउटरमध्ये ही रांग आवरणारी एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल ही सोय असेल, त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी. मर्यादा घालून ओळ चपळ होते हे पटायला जड जाते, पण पिंगचे आकडे लगेच खाली येतात.

परदेशातल्या मुलांनी पुण्या-नागपुरातल्या घरचा सर्व्हर पाहायचा असेल तर अंतर आडवे येते. महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला पॅकेटला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर दर दहा हजार पॅकेटांत एक हरवत असताना जुन्या पद्धतीच्या टीसीपीची एक जोडणी या अंतरावर सुमारे ७ मेगाबिटपर्यंतच पोचते; तेवढीच गळती असताना २० मिलिसेकंदांच्या अंतरावर ती ७० पर्यंत जाते. म्हणजे मुंबईहून तपासल्यावर निर्दोष वाटणारी ओळ न्यू जर्सीतून पाहणाऱ्याला पुरेशी नसते, आणि दोन्ही माणसे खरे बोलत असतात. आजच्या पद्धती त्या सूत्रापेक्षा बऱ्या चालतात. सर्व्हर लिनक्सवर असेल तर गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर ही पद्धत चालू करून पाहावी. ती पाठवणाऱ्या टोकालाच लावायची असल्याने पाहणाऱ्याला काही करावे लागत नाही.

एक दोष मात्र नेहमी चुकीच्या नावाखाली जातो. लॉगिन होते, चित्रपटांची नावे दिसतात, पण व्हिडिओ सुरूच होत नाही. इथे पॅकेटच्या आकाराची शंका घ्यावी. साधारण पॅकेट १५०० बाइटचे असते, पीपीपीओई जोडणीत ८ बाइट जाऊन १४९२ उरतात, आणि वायरगार्ड आपला आकार सहसा १४२० ठेवतो. वाटेतल्या एखाद्या यंत्राने मोठी पॅकेटे गुपचूप टाकून दिली की लहान उत्तरे पोचतात आणि मोठी अडकतात. तुकडे न पाडण्याचा पर्याय लावून पिंगचा आकार १४७२ पासून कमी करत न्यावा. ज्या आकाराला उत्तर येते त्यात २८ मिळवले की वाटेची मर्यादा कळते. बोगद्याचा आकार त्यानुसार उतरवावा.

काही बिघाड नेटवर्कचे नसतातच. अनेक ॲप बाहेरून पाहताना दर्जा आपोआप कमी धरतात, त्यामुळे घरी जशीच्या तशी चालणारी फाइल बाहेर पाठवताना सर्व्हरला रूपांतरित करावी लागते. चित्ररूपातली सबटायटल्स असतील तर तो भार आणखी वाढतो. जुन्या संगणकाचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि चित्र दर काही सेकंदांनी थांबते. इंटेलची २०११ पासूनची क्विक सिंक असलेली चिप असेल तर तिच्याकडे हे काम सोपवावे. एप्रिल २०२५ अखेरीस प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचा साठा पाहण्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली, त्यामुळे एखाद्या खात्यावर अचानक बंद पडलेला व्हिडिओ पोर्टचा दोष असेलच असे नाही. जेलीफिनला स्वतःचे डोमेन आणि लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र लावले असेल, तर त्याची मुदत ९० दिवसांची असते. आपोआप नूतनीकरण फसले की सर्व्हर बरोबर मुदत संपण्याच्या दिवशी तुटतो.

ज्या गावांत वीज दिवसातून दोनदा जाते, तिथे राउटर आणि फायबरच्या पेटीला एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावणे हा सर्वात स्वस्त उपाय. जोडणी तुटत नाही, पत्ता बदलत नाही. सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो लावावा. आणि मीडिया प्रोग्राम दोन-तीन मिनिटे उशिरा सुरू होईल असे करावे, कारण राउटरला इंटरनेट मिळण्याआधी तो उठला तर त्याची बाहेरची नोंद फसते.

बाहेरची वाट पक्की करताना ती कोणासाठी उघडली जाते हेही पाहायला हवे. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवर २०२२ मध्ये झालेल्या हल्ल्यात चोर एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून शिरले. त्या संगणकावर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती, आणि तिच्यातले भोक बुजवणारी सुधारणा मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती. सर्व्हर फक्त घरच्या चार माणसांनाच लागत असेल तर बोगदा पुरतो आणि एकही पोर्ट उघडे ठेवावे लागत नाही. नातेवाइकांच्या स्मार्ट टीव्हीवर बोगदा बसवता येत नसेल आणि पोर्ट उघडेच ठेवावे लागत असेल, तर राउटर आणि मीडिया प्रोग्राम या दोघांच्या सुधारणा दर महिन्याला पाहाव्यात, आणि प्रत्येक सुधारणेनंतर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून एकदा सर्व्हर उघडून बघावा.