सिगारेट-विडी ओढण्यात महाराष्ट्र देशात सर्वात मागे, मग कॅन्सरची भीती कमी का नाही?

देशात सिगारेट-विडी ओढणाऱ्यांचं प्रमाण सर्वात कमी कोणत्या राज्यात असेल? बहुतेक जण केरळ किंवा गोव्याचं नाव घेतील. पण केंद्र सरकारच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, म्हणजेच 'गॅट्स'च्या २०१६-१७ च्या फेरीत, हे स्थान महाराष्ट्राचं होतं. राज्यातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. देशाची सरासरी होती १०.७ टक्के, तर मिझोराममध्ये हाच आकडा ३४.४ टक्क्यांवर होता.

ऐकायला छान वाटतं. पण त्याच अहवालातला दुसरा रकाना पाहिला की चित्र पालटतं.

हा सर्व्हे नेमका काय मोजतो?

गॅट्समध्ये 'प्रौढ' म्हणजे १५ वर्षं आणि त्यावरील व्यक्ती. २०१६-१७ च्या फेरीत देशभरात ७४ हजारांहून जास्त लोकांच्या घरी जाऊन मुलाखती घेण्यात आल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, हे काम केलं. त्याआधीची फेरी २००९-१० मध्ये झाली होती.

या सर्व्हेत तंबाखूचे दोन मोठे गट केले जातात. एक, धूर काढून घेतली जाणारी तंबाखू: सिगारेट, विडी, हुक्का, चिलीम. दुसरा, धूरविरहित तंबाखू: मळून खाल्लेली तंबाखू, खैनी, गुटखा, तंबाखूचं पान, मावा आणि दाताला लावायची मिश्री.

देशात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, म्हणजे सुमारे २६.७ कोटी लोक. त्यात ओढणारे १०.७ टक्के आणि खाणारे किंवा लावणारे २१.४ टक्के. दोन्हींची बेरीज २८.६ पेक्षा जास्त होते, कारण काही जण दोन्ही करतात आणि ते दोन्हीकडे मोजले जातात.

महाराष्ट्र आणि हिमाचल: एकाच नाण्याच्या दोन बाजू

महाराष्ट्रात धूम्रपान ३.८ टक्के, पण धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के. एकूण तंबाखू वापरणारे २६.६ टक्के. म्हणजे साधारण दर चौथा प्रौढ.

आता हिमाचल प्रदेश पाहा. तिथे धूम्रपान १४.२ टक्के, पण धूरविरहित तंबाखू फक्त ३.१ टक्के, देशात सर्वात कमी. एकूण १६.१ टक्के.

फक्त धूम्रपानाचा आकडा शेअर केला तर हिमाचल महाराष्ट्रापेक्षा जवळपास चौपट वाईट दिसतं. एकूण तंबाखू पाहिली तर महाराष्ट्राचा आकडा हिमाचलच्या दीडपटीहून जास्त निघतो. दोन्ही आकडे खरे आहेत, फरक पडतो तो प्रश्न काय विचारला यावर.

शेजारच्या गोव्याचं चित्र वेगळं आहे. तिथे धूम्रपान ४.२ टक्के, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा किंचित जास्त. पण धूरविरहित तंबाखू ६.५ टक्केच, त्यामुळे एकूण ९.७ टक्के, देशात सर्वात कमी. दुसऱ्या टोकाला त्रिपुरा होतं: ६४.५ टक्के.

मिश्रीचं काय?

महाराष्ट्रातल्या बायकांचे आकडे आणखी बोलके आहेत. धूम्रपान करणाऱ्या फक्त १.४ टक्के. पण धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के, म्हणजे साधारण दर सहा जणींमध्ये एक.

यामागे मिश्रीची जुनी सवय आहे. तंबाखू तव्यावर भाजून, काळी करून केलेली ही पूड अनेक घरांत 'दात घासायला' म्हणून वापरली जाते. सकाळी एकदा लावायची असते, ती हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा होते. याला कुणी व्यसन म्हणत नाही. म्हणून दवाखान्यात 'धूम्रपान करता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, आणि ते खरंही असतं. 'मिश्री लावता का, तंबाखू खाता का?' हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही, तर धोका नोंदला जातच नाही.

धूर नाही, मग कॅन्सर कसा?

कॅन्सरला कारण फक्त धूर नसतो. तंबाखूच्या पानातच नायट्रोसामाइन नावाची घातक रसायनं असतात. गालात धरलेली गोळी किंवा हिरड्यांवर चोळलेली मिश्री तीच रसायनं तोंडाच्या नाजूक आवरणावर बराच वेळ ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनुसार धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो. सुपारीलाही याच संस्थेने कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी.

सिगारेट-विडीचा मुख्य मारा फुफ्फुस आणि स्वरयंत्रावर होतो, शिवाय हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणजे प्रदेशानुसार सवय बदलते आणि सवयीनुसार कॅन्सरची जागाही बदलते.

मग नकाशा सरळ जुळतो का?

काही ठिकाणी जुळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कॅन्सर नोंदणी अहवालात पुरुषांमधलं कॅन्सरचं सर्वाधिक प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात होतं: वयानुसार समायोजित दर लाखामागे २६९.४. मेघालयातल्या ईस्ट खासी हिल्समध्ये पुरुषांच्या एकूण कॅन्सरपैकी ७०.४ टक्के तंबाखूशी संबंधित अवयवांचे होते. देशभरासाठी, स्त्री-पुरुष मिळून, हा अंदाज २७.१ टक्के होता.

पण त्याच अहवालात सर्वात कमी दर महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड भागात पुरुषांमध्ये लाखामागे ३९.५. मग तिथली तंबाखू निरुपद्रवी आहे का? अजिबात नाही. तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली, कॅन्सर व्हायला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात. आजचा रुग्ण हा बऱ्याचदा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सवयीचा परिणाम असतो. त्यामुळे एकाच वर्षाचे तंबाखूचे आणि कॅन्सरचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी, कॅन्सरला तंबाखू हे एकमेव कारण नाही. ऐझॉलमध्ये पोटाचा कॅन्सर खूप आढळतो. त्यामागे तंबाखूसोबत धुरावलेलं, खारवलेलं अन्न आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं 'तुइबुर' नावाचं पाणी यांचाही विचार होतो.

तिसरी, प्रदेशाची सरासरी म्हणजे एका माणसाचा धोका नव्हे. कमी कॅन्सरच्या जिल्ह्यात राहणाऱ्या, पण रोज तंबाखू मळणाऱ्या माणसाला जिल्ह्याची सरासरी वाचवत नाही. त्याचा धोका त्याच्या सवयीप्रमाणे वाढतो.

काय सुधारलं, काय राहिलं?

देशात एकूण तंबाखूवापर २००९-१० मधल्या ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात धूम्रपान ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर घसरलं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून मोठी घट. धूरविरहित तंबाखू मात्र २७.६ वरून २४.४ वर आली, घट जेमतेम बारा टक्के. मधल्या काळात, २०१२ मध्ये, राज्यात गुटखाबंदीही झाली होती. पण साधी तंबाखू, चुना आणि मिश्री बंदीच्या बाहेरच राहिली. 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाट्यांनी धूर कमी झाला, पुडी खिशातच राहिली.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ काय?

घरात कुणी तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मिश्री वापरत असेल तर आरशासमोर तोंड उघडून बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, तिखट खाल्ल्यावर होणारी आग, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. तिशीनंतर तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचाच भाग आहे. सवय सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

आणि पुढच्या वेळी 'आपलं राज्य धूम्रपानात सर्वात मागे' अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी एकच गोष्ट बघा. आकडा ओढणाऱ्यांचा आहे, की तंबाखू वापरणाऱ्या सगळ्यांचा?