बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, पण दवाखान्यात नेमकं कधी निघायचं?

नववा महिना लागला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. गरोदर बाईनं जरा कंबर धरली की प्रश्न येतो, "निघायचं का?" लवकर गेलं तर "अजून वेळ आहे" म्हणून घरी पाठवतात. उशीर झाला तर वाटेतच बाळंत होण्याची धास्ती. पण हा निर्णय अंदाजावर सोडायची गरज नाही. त्यासाठी कळा मोजता याव्या लागतात आणि कोणत्या वेळी मोजत बसायचं नाही, हेही माहीत असावं लागतं.

सगळ्याच कळा बाळंतपणाच्या नसतात

गर्भाशय हा मुळात एक मोठा स्नायू आहे. शेवटच्या महिन्यांत तो अधूनमधून आवळतो आणि पोट थोडा वेळ दगडासारखं कडक होतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरनं 1872 मध्ये या कळांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना 'ब्रॅक्स्टन हिक्स' कळा म्हणतात. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात.

खोट्या कळांना वेळेचा धरबंध नसतो. एक आता येते, दुसरी वीस मिनिटांनी, तिसरी येतच नाही. दिवसभराची दगदग, पाणी कमी पिणं किंवा लघवी तुंबणं यामुळे त्या वाढतात. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कुशीवर पडून राहिलं की बहुतेक वेळा त्या विरतात.

खऱ्या कळा विरत नाहीत. झोपा, बसा किंवा चाला, त्या येतच राहतात. दुखणं बऱ्याचदा कंबरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतं. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ आधीपेक्षा जोरकस व लांब होते. ऐन कळेत बाईला धड बोलताही येत नाही.

कळा कशा मोजायच्या?

एक कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. इथेच अनेकांची गफलत होते. समजा, एक कळ 2 वाजता सुरू झाली, 2 वाजून 1 मिनिटाला संपली आणि पुढची 2 वाजून 6 मिनिटांनी आली. तर अंतर 5 नाही, 6 मिनिटांचं झालं. कळ किती वेळ टिकली, ते वेगळं लिहायचं. मोबाइलवर ॲप असेल तर ठीक, नाहीतर वही आणि घड्याळ पुरेसं आहे.

पहिलटकरणीसाठी साधारण '5-1-1' हा नियम सांगितला जातो. दर 5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ सुमारे 1 मिनिटाची आणि हे 1 तास सलग चाललेलं. असं झालं की निघायचं.

इतकं थांबायचं कशाला? बाळ बाहेर येण्यासाठी गर्भाशयाचं तोंड 10 सेंटिमीटर उघडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळंतपणाचा वेगवान टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरला जातो. त्याआधीचा टप्पा संथ असतो आणि पहिल्या खेपेला तो अनेक तास चालू शकतो. सगळं ठीक असेल तर हा वेळ घरी हलकं खाऊन, थोडं चालून, विश्रांती घेऊन काढता येतो.

पण हा नियम सरसकट सगळ्यांसाठी नाही

- दुसरं किंवा त्यानंतरचं बाळंतपण बहुधा लवकर उरकतं. कळा नियमित होताच निघावं.
- आधी सिझेरियन झालं असेल तर गर्भाशयावरच्या जुन्या टाक्यांवर ताण येतो. कळा सुरू होताच दवाखाना गाठावा.
- जुळी बाळं, पायाळू बाळ, खाली असलेली वार, वाढलेला रक्तदाब यांपैकी काहीही असेल तर कधी यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. तसं विचारलं नसेल तर कळा जाणवताच निघावं.
- दवाखाना लांब असेल, घाट किंवा पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता मध्ये असेल, तर 5 मिनिटांची वाट पाहू नये. गडचिरोली, मेळघाटसारख्या आदिवासी भागांत यासाठीच 'माहेरघर' योजना आहे. तिथे बाळंतपणाच्या काही दिवस आधीच बाईला आरोग्य केंद्राजवळ राहता येतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. त्यामुळे तपासण्या एका गावात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात होतं. माहेरी गेल्यावर तिथल्या दवाखान्यात आधी एकदा जाऊन यावं आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत.

या वेळी घड्याळ बाजूला ठेवा

खालीलपैकी काहीही झालं तर कळा असोत वा नसोत, लगेच निघायचं.

- 37 आठवडे पूर्ण होण्याआधी नियमित कळा. वेळेत पोहोचलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायची गरज आहे का, हे डॉक्टरांना ठरवता येतं.
- पाणमोट फुटणं. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लक्षात ठेवावा. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळानं पोटातच शी केल्याची शक्यता असते. योनीतून नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर तो क्षणाचाही उशीर न चालणारा धोका आहे.
- लालभडक रक्त जाणं. किंचित गुलाबी, चिकट स्राव ही बाळंतपण जवळ आल्याची खूण असू शकते, पण वाहणारं रक्त नाही.
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. "शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं" हा समज चुकीचा आहे.
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा झटका.
- दोन कळांच्या मध्येही पोट सैल न पडणं, सतत दुखणं किंवा ताप.
- खाली जोर द्यावासा वाटणं.

उशीर नेमका कुठे होतो?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी 1994 मध्ये 'तीन उशिरां'ची मांडणी केली. पहिला उशीर निर्णय घेण्यात, दुसरा दवाखान्यात पोहोचण्यात, तिसरा तिथे उपचार मिळण्यात. पहिला उशीर घरातच होतो. "सकाळपर्यंत बघू", "हे आल्यावर ठरवू" अशा वाक्यांत मोलाचे तास जातात. म्हणून घरात कर्ता माणूस नसेल तर कोण निर्णय घेईल, हे आठव्या महिन्यातच ठरलेलं बरं.

महाराष्ट्रात 108 वर फोन करून तातडीची रुग्णवाहिका बोलावता येते. गरोदर मातांसाठी 102 ची सेवाही आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि ने-आण मोफत आहे. हे नंबर, आशाताईंचा नंबर आणि दवाखान्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा.

आणि तरीही कळा खऱ्या की खोट्या हे कळेना, तर दवाखान्यात फोन करावा किंवा सरळ जावं. तपासून परत पाठवलं तर एक फेरी वाया जाते, एवढंच.