एकच पाणी, कधी द्यायचं? कपाशीच्या संरक्षित ओलिताचा अभ्यास



संशोधनाचा विषय शोधायला बरेच जण आधी ग्रंथालयात जातात. मला माझा विषय बांधावर मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काकांनी विचारलं होतं, "ताई, तळ्यात एकच पाणी हाये. पात्यावर देऊ का बोंडावर?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज हा प्रश्न आपण संशोधक म्हणून सोडवून बघू.

संरक्षित ओलीत म्हणजे काय?

संरक्षित ओलीत म्हणजे बागायत नव्हे. पीक पावसावरच येतं. पावसाचा मोठा खंड पडला किंवा पाऊस लवकर परतला, तर एखाद-दुसरं पाणी देऊन पीक सांभाळायचं, एवढंच. विदर्भातली बहुतेक कपाशी कोरडवाहू आहे. जून-जुलैत पेरणी होते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस परततो. बोंडं भरायची असतात नेमकी त्यानंतर. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर साठलेली असते, ती पिकाला पुढे नेते. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र आठ-दहा दिवसांतच पानं माना टाकतात. म्हणून "अमुक तारखेला पाणी द्या" असं सरसकट सांगता येत नाही.

झाडात काय घडतं?

कपाशीची वाढ ठरावीक टप्प्यावर थांबत नाही. एकाच वेळी झाडावर पाते, फुलं आणि बोंडं असतात आणि सगळ्यांना अन्न त्याच पानांकडून हवं असतं. ताण पडला की झाड भार कमी करतं. पाते आणि कोवळी बोंडं गळतात, मोठी झालेली बोंडं सहसा टिकतात. म्हणजे फुलोऱ्यातला ताण मुख्यतः बोंडांची संख्या कमी करतो, तर उशिराचा ताण बोंडांचं वजन कमी करतो. धाग्याची लांबी फूल उमलल्यानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन आठवड्यांत ठरते. त्या काळात ओल कमी पडली तर धागाही आखूड राहतो.

पण जास्त पाणी म्हणजे जास्त कापूस, असंही नाही. सुरुवातीला भरपूर पाणी मिळालं तर नुसती पानं-फांद्या वाढतात. मोठ्या खंडानंतर एकदम भरपूर पाणी दिलं तर पातेगळ होते, कधी उभं झाड अचानक मलूल पडतं. याला आकस्मिक मर म्हणतात. आणि हंगाम संपल्यावर पाणी देऊन फरदड घेतली, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं खाद्य मिळतं.

थोडं गणित करू

समजा, लागवड ९० × ६० सेंमी आहे. एकरी साधारण ७,४०० झाडं बसतात. झाडाला २० बोंडं आणि एका बोंडात ४ ग्रॅम कापूस धरला, तर एकरी ५.९ क्विंटल होतात. एका पाण्यामुळे झाडामागे फक्त ५ बोंडं जास्त टिकली, तर हाच आकडा ७.४ क्विंटलवर जातो. एवढ्याशा फरकावर दीड क्विंटल अवलंबून आहे!

आता पाण्याची बाजू. एका एकरावर ५० मिमी पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजूंचा उतार १:१ धरला तर, २,१९६ घनमीटर म्हणजे जवळपास २२ लाख लिटर मावतात. कागदावर दहा एकरांना एक पाणी. पण झिरपा आणि बाष्पीभवन वजा करा, मग खरं चित्र दिसतं. म्हणूनच एक आड एक सरी किंवा ठिबकने पाणी द्यायचा मुद्दा येतो. आपला प्रश्न "एकरी किती क्विंटल" इथे थांबत नाही. "दर घनमीटर पाण्याला किती किलो" हेही विचारायचं.

माझी चूक, तुम्ही करू नका

पहिल्या वर्षी मी ओलिताच्या प्लॉटला पाणी दिलं आणि दोनच दिवसांत पाऊस आला. हंगामाअखेर दोन्ही प्लॉटचं उत्पादन जवळपास सारखंच. मी निष्कर्ष लिहून टाकला, "पाण्याचा परिणाम नाही." मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "परिणाम नाही, की तुझ्या प्लॉटांमध्ये ओलीचा फरकच नव्हता?" माझ्याकडे जमिनीतल्या ओलीची मोजणीच नव्हती. शिवाय भेगांतून पाणी शेजारच्या प्लॉटमध्ये गेलं होतं, कारण मध्ये मोकळ्या ओळी सोडल्या नव्हत्या. अख्खा हंगाम हातचा गेला.

म्हणून हे आधीच ठरवा:

- पाणी मीटरने मोजा. "एक पाणी" हे माप नाही.
- ओलिताआधी आणि नंतर वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्या, १०५ अंशांवर २४ तास वाळवून ओल काढा.
- पर्जन्यमापक प्रयोगाच्या शेतातच ठेवा. तालुक्याचा पाऊस तुमच्या शेताचा नसतो.
- ओलीत मुख्य प्लॉटमध्ये आणि वाण किंवा खत उपप्लॉटमध्ये ठेवा (स्प्लिट प्लॉट). मध्ये मोकळ्या ओळी सोडा.
- फक्त एकूण कापूस तोलू नका. पाते, फुलं, टिकलेली बोंडं, बोंडाचं वजन, प्रत्येक वेचणी, सगळं वेगळं नोंदवा. उत्पादन का वाढलं ते तिथेच कळतं.
- एका हंगामावर निष्कर्ष काढू नका. पाऊस दरवर्षी वेगळा असतो.

काकांना काय सांगितलं?

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "काका, आधी दोन ठिकाणी खोदून ओल बघू." जमीन हलकी असेल आणि फुलोऱ्यात खंड पडला असेल, तर पाणी तेव्हाच द्यावं, पण हलकं, एक आड एक सरीने. फुलोरा पावसावर निभावला, तर तळ्यातलं पाणी राखून बोंडं भरताना द्यावं. काका हसले, "म्हंजे कॅलेंडर नाही, जमीन पाहाची." माझ्या प्रबंधाचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला.

तुमच्या भागात कपाशी नसेल, तर तूर घ्या, हरभरा घ्या. प्रश्न तोच राहतो: पाणी थोडं आहे, तर कोणत्या टप्प्यावर द्यायचं? विषय निवडताना आधी एखाद्या बांधावर जाऊन या. पुढच्या लेखात ओलीच्या नोंदींचा तक्ता कसा करायचा ते बघू.